विश्वसनीय सूत्र

“निरंक लिहू?” मी विचारलं.

“लिही,” पप्पा बूट काढत म्हणाले. “नाही, थांब. आधी लिही, ‘तहसील कार्यालयासमोर अंगणवाडी सेविकांचे धरणे शांततेत पार पडले.’ मग खाली निरंक.”

“किती सेविका?”

“बावीस. त्यातली एक तुझी आई.”

“आईचं नाव टाकू?”

“टाक. आणि मग आपण दोघं जेवायला बाहेर जाऊ, कायमचे.”

स्वयंपाकघरातून आईनं पातेलं जरा जोरातच आपटलं. मी हसत हसत मोबाइलवर टाइप करत राहिले.

माझे पप्पा, हवालदार विष्णू लोखंडे, शेलगव्हाण पोलीस ठाण्यात ‘गोपनीय’ला होते. म्हणजे साध्या कपड्यांत गावात हिंडायचं, सभा, मोर्चे, उपोषणं बघायची, लोकांमध्ये काय खदखदतंय ते ऐकायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत जिल्ह्याच्या विशेष शाखेला अहवाल पाठवायचा. नावाला गोपनीय, पण अख्ख्या गावाला माहीत. कुणाचं उपोषण असलं की उपोषणवालाच आदल्या दिवशी फोन करायचा, “लोखंडेसाहेब, अकराला बसतोय. या.” पप्पा जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचे आणि पुढारी भाषणात सगळ्यांची नावं घेताना त्यांचंही घ्यायचे.

त्या वर्षी हाती लिहिलेले अहवाल बंद झाले. मोबाइलवर, मराठीत टाइप करून पाठवा, असा हुकूम आला. पप्पा एका बोटानं टाइप करणार, त्यात जोडाक्षर आलं की डोक्याला हात. मी आठवीत होते आणि माझे दोन्ही अंगठे विजेसारखे चालायचे. मग ते सांगायचे, मी टाइप करायचे. असले कागद घरी आणायचे नसतात, मुलीला तर दाखवायचेच नसतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आईला सगळ्यात जास्त. “एक दिवस अंगाशी येईल हे,” ती म्हणायची, “तेव्हा माझ्याकडे बघू नका.”

तेवढ्यात फोन वाजला. विशेष शाखेचे फौजदार गुट्टे. पप्पांच्या एका हातात बूट होता, म्हणून त्यांनी स्पीकरवर टाकला.

“लोखंडे, शेलगव्हाणात माणसं राहतात ना?”

“राहतात साहेब.”

“मग एकोणीस दिवस निरंक कसं? इथं भिंतीवर तक्ता लावलाय. कुठल्या ठाण्यानं महिन्यात किती उपयुक्त माहिती दिली, त्याचा. तुम्ही तळाला. पारावर झोपता का दिवसभर?”

“साहेब, काही घडलंच नाही तर...”

“काही घडलं नाही, हे कळायला माणूस कशाला ठेवायचा? आज काहीतरी वाचण्यासारखं पाठवा. नाहीतर मुख्यालयात या, गार्ड ड्यूटी करा.”

फोन बंद झाला. पप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्यासमोर त्यांना कुणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी तो बूट खाली ठेवला, मग उचलून परत नीट ठेवला.

“पप्पा, अभ्यासिकेचं लिहू का?” मी म्हणाले.

“अभ्यासिकेत काय झालं?”

“झालं काही नाही. पण लिहिता येईल.”

अभ्यासिका म्हणजे नगरपरिषदेच्या वाचनालयाच्या माडीवरची खोली. हर्षदाताई वाकळे ती चालवायची. सदतीस वर्षांची, आठ वर्षं सरकारी नोकरीच्या परीक्षा देणारी आणि त्यातच दुसऱ्यांना शिकवणारी. तिच्या हाताखालून सात जण नोकरीला लागले होते. ती स्वतः दर वेळी दोन-चार मार्कांनी राहायची. गावातले टवाळ तिला ‘साहेब छापायचा कारखाना’ म्हणायचे. मी शाळेआधी तासभर तिच्याकडे वक्तृत्वाच्या तयारीला जायचे. सहावीपर्यंत मी वर्गात ‘हजर’सुद्धा पुटपुटायचे. तिनं मला खुर्चीवर उभं केलं आणि सांगितलं, “शेवटच्या बाकावरच्याला ऐकू आलं नाही तर तू बोललीच नाहीस.” तेव्हापासून माझं तोंड जे उघडलं ते मिटलंच नाही.

त्या सकाळी ताईनं मुलाखतीच्या सरावासाठी वादविवाद ठेवला होता. विषय, सरकारी भरती कंत्राटी असावी का. सरकारी धोरणाविरुद्ध बोलायला कुणी तयार होईना, म्हणून ती स्वतः उभी राहिली आणि असं काही बोलली की आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती हसून म्हणाली, “आता उद्या मी उलट बाजूनं बोलणार. तेव्हाही वाजवा.”

मला हे सगळं माहीत होतं. मी तिथेच बसले होते. तरी मी टाइप केलं:

‘येथील अभ्यासिकेत तीस ते पस्तीस युवक दररोज एकत्र येत असून शासनाच्या भरती धोरणाविरोधात त्यांच्यात तीव्र असंतोष धुमसत आहे व हर्षदा वाकळे या त्यास पद्धतशीर खतपाणी घालत असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते.’

खरं सांगते, मला ते वाक्य फार आवडलं. ‘पद्धतशीर’ तर मी नंतर आत घुसवला. मी खुर्चीवर चढून, शेवटच्या बाकावरच्याला ऐकू जाईल असं पप्पांना वाचून दाखवलं.

पप्पा हसायलाच लागले. “धुमसत! अगं, तू आहेस कोण? आणि पस्तीस? किती असता तुम्ही?”

“अकरा. पण अकरा कोण वाचणार?”

“खोड ते,” पप्पा म्हणाले. “ती बाई गरीब आहे. उगाच नाव नको.”

मी खोडणारच होते, पण सहाला पाच कमी असताना गुट्ट्यांचा पुन्हा फोन आला. “अहवाल?” एवढंच. “पाठवतोय साहेब,” पप्पा म्हणाले, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पाठवला. बाण त्यांनी दाबला. वाक्य माझं होतं.

दुसऱ्या दिवशी गुट्टे म्हणाले, “लोखंडे, आज पहिल्यांदा पोलिसानं लिहिल्यासारखं काहीतरी आलं.” पप्पा संध्याकाळी आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आले. आईनं विचारलं कशाबद्दल, तर आम्ही दोघं एकदम म्हणालो, “असंच.”

दीड महिन्यानं पप्पा घरी आले ते चेहरा विचित्र करून. खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. वरच्या कार्यालयातून आलेलं पत्र होतं. शेलगव्हाण येथे युवकांमध्ये तीव्र असंतोष धुमसत असून हर्षदा वाकळे या त्यास पद्धतशीर खतपाणी घालत असल्याची माहिती तीन सूत्रांकडून प्राप्त झाली आहे, तरी सखोल चौकशी करून अहवाल सादर करावा.

मी वाचलं. पुन्हा वाचलं.

“पप्पा, हे तर माझं वाक्य!”

“तुझंच.”

“वर जाऊन आलं?”

“नुसतं आलं नाही. तिघांना घेऊन आलं.”

आम्ही इतके हसलो की मी कॉटवरून खाली बसले. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे, आम्ही पोट धरून हसलो. माझं वाक्य एवढ्या मोठ्या साहेबांनी वाचलं, एक शब्द बदलला नाही, याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

पप्पांनी उत्तर सांगितलं, ‘चौकशी केली असता सदर माहितीत तथ्य आढळून आले नाही.’ मी टाइप केलं. दहा मिनिटांत गुट्ट्यांचा फोन.

“वरून आलेल्या माहितीत तथ्य नाही, असं तुम्ही लिहिणार? हवालदार?”

“साहेब, ती माहिती मुळात आपणच...”

“तीन सूत्रं आहेत लोखंडे. तीन. तुम्ही एकटे. ‘लक्ष ठेवण्यात येत आहे’ असं लिहा आणि विषय मिटवा.”

पप्पांनी तसं लिहिलं. म्हणजे मी लिहिलं.

जानेवारीत तलाठी भरतीचा निकाल लागला आणि हर्षदाताईचं नाव यादीत आलं. जिल्ह्यात नववी! अभ्यासिकेत आम्ही ढोल नाही म्हणून बाकं वाजवली. तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची परीक्षा होती. “आता फक्त चारित्र्य पडताळणी,” ती मला म्हणाली, “आणि ती तर तुझ्या पप्पांकडेच येणार. काकांना सांग, माझं चारित्र्य जरा बरं लिहा.” आणि खळखळून हसली.

पडताळणी पप्पांकडेच आली. त्यांनी स्वतः, एका बोटानं, पाऊण तास बसून लिहिलं, ‘प्रतिकूल काही नाही.’ ते जिल्ह्यावरून तसंच परत आलं. शेरा होता, आपल्याच ठाण्याच्या पूर्वीच्या अहवालाशी व तीन सूत्रांच्या माहितीशी विसंगत.

त्या दिवशी आम्ही हसलो नाही.

दोन वेळा पप्पा जिल्ह्याला जाऊन आले. गुट्टे म्हणाले, लिहिलेलं पुसायची पद्धत नाही. तिकडे कागद पुढे सरकेना, आणि ताई रोज पप्पांना रस्त्यात गाठून विचारायची, “काका, आला का माझा कागद?” पप्पा तिची गल्ली चुकवून जायला लागले.

मग बागवान मॅडम आल्या. असल्या अहवालांमुळे नोकऱ्या, पासपोर्ट अडकल्याच्या तक्रारी फार झाल्या होत्या, म्हणून जुने अहवाल तपासायला ह्या पोलीस उपअधीक्षक आमच्या जिल्ह्यात नवीन नेमल्या होत्या. मंगळवार होता. पप्पा तापानं घरी होते, म्हणून त्या घरीच आल्या. साडीत, हातात फाइल. मी पाणी दिलं. मग चहा ठेवला, आणि चहा होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

“लोखंडे, पडून राहा, उठू नका,” त्या म्हणाल्या. “मी तिन्ही सूत्रं उघडून बघितली. तुम्ही जिल्ह्याला पाठवलंत. जिल्ह्यानं वर पाठवलं. वरच्यांनी शेजारच्या जिल्ह्याला माहितीसाठी दिलं आणि शेजाऱ्यांनी तेच स्वतःचं म्हणून परत वर धाडलं. तीन कागद, एकच वाक्य. आणि सगळ्याच्या बुडाशी तुम्ही.”

पप्पांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

“पण मी तुमचे चार वर्षांचे अहवालही वाचलेत. तुम्ही ‘शांततेत पार पडले’ लिहिणारे गृहस्थ. ‘धुमसत’ तुमचं नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सूत्राचं नाव सांगायचं नसतं मॅडम.”

“मला सांगता येतं. कागदावर नाव येणार नाही. हे बघा, सहीचा अहवाल मी नुसत्या मनानं रद्द करू शकत नाही. पण ज्यानं पाहिलं त्यानं मला सांगितलं की तिथं असं काही नव्हतं, तर मी आज नोंद काढते आणि त्या बाईंचा कागद मोकळा करते. महसूलवाले शुक्रवारी पाचला यादी पक्की करणार आहेत. ज्याची पडताळणी नाही त्याच्या जागी प्रतीक्षा यादीतला माणूस. बाईंना पुढची संधी नाही, तुम्हाला माहीत असेल.”

“माहीत आहे.”

“मग?”

पप्पांनी डोळे मिटून घेतले. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. सबंध वेळात एकदाही नाही.

मी चहा घेऊन गेले. मॅडमनी कपाटावरच्या माझ्या ढाली बघितल्या. “या कुणाच्या?”

“माझ्या,” मी म्हणाले. “वक्तृत्वाच्या. शुक्रवारी जिल्ह्याची फायनल आहे.”

“अरे वा. मग तू तर धडाधड बोलत असशील.”

त्या कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काही माहीत होतं की उगाच बघत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या तोंडात सगळं तयार होतं. मीच लिहिलं. अकरा जण होते. तो सराव होता. तीन वाक्यं, फार तर.

“साखर कमी नाही ना झाली?” मी विचारलं.

“नाही, ठीक आहे,” त्या म्हणाल्या. जाताना फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून पप्पांच्या उशाशी ठेवला.

आई अंगणवाडीतून यायची होती. मी पप्पांच्या पायाशी बसले.

“पप्पा, मी सांगू त्यांना?”

“काय सांगशील?”

“मी लिहिलं म्हणून.”

“मग त्या विचारतील, गोपनीय अहवाल आठवीतली पोर कशी लिहिते.”

“नोकरी जाईल तुमची?”

“निलंबन तर होईलच. पुढचं माहीत नाही.” ते कोपरावर टेकून अर्धे उठले. मग म्हणाले, “पण तेजू, तू म्हणालीस तर आत्ता फोन लावतो. खरंच लावतो. तू म्हण.”

ते असं का म्हणाले, याचा मला मधे खूप राग यायचा. तेरा वर्षांच्या मुलीवर कशाला टाकायचं? आता मी दहावीत आहे आणि आता वाटतं, त्यांना एकट्याला जमत नव्हतं. त्यांना कुणीतरी ढकलायला हवं होतं, आणि घरात ते माहीत असणारी मीच होते.

मी म्हणाले, “शुक्रवारनंतर सांगू या का? फायनल होऊ दे. आणि पप्पा, सरकारी यादी कधी वेळेवर लागते का? सोमवारपर्यंत तर नक्कीच जाईल.”

“हं,” पप्पा म्हणाले. “तेही आहे.”

आम्हाला दोघांनाही एवढं सुटल्यासारखं वाटलं की मी लगेच उठून त्यांना मऊ भात लावला.

शुक्रवारी मी जिल्ह्याच्या सभागृहात ‘सत्याचा आवाज’ या विषयावर सात मिनिटं बोलले. विषय आयोजकांनी दिला होता, मी निवडला नव्हता. दुसरा नंबर आला.

सोमवारी सकाळी पप्पा गणवेश घालून बागवान मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, माझं नाव वगळून. ‘वाक्य माझंच, वरचा रेटा होता, निरंक चालत नव्हतं, म्हणून रचलं,’ असा त्यांनी जबाब दिला. मॅडमनी त्याच दिवशी नोंद रद्द केली. यादी शुक्रवारी पाचला लागली होती. त्या एकदाच, बरोबर पाचला.

पप्पांची वेतनवाढ थांबली आणि मुख्यालयात गार्ड ड्यूटीवर बदली झाली. मॅडमनी जिल्ह्यात नवा नमुना काढला. प्रत्येक ओळीपुढं लिहायचं, स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि ऐकलं तर कुणाकडून. भिंतीवरचा तक्ताही उतरवला. निरंकला कुणी काही बोलत नाही आता. पप्पा म्हणतात, चांगली बाई आहे.

नोंद रद्द झाल्याचं पत्र ज्याच्यावर नोंद होती त्यालाही द्यायचं, हाही मॅडमचाच नियम. ते पत्र घेऊन पंधरा दिवसांनी हर्षदाताई आमच्याकडे आली. आम्ही सामान बांधत होतो. मला वाटलं, आता ती ओरडेल. मी तयारच होते, खरं तर मला ते हवंच होतं.

ती पप्पांच्या समोर बसली. पत्रात लिहिलं होतं, हवालदार लोखंडे यांनी स्वतःहून दिलेल्या जबाबावरून. बाकीचं काही नव्हतं.

“काका,” ती म्हणाली, “माझ्यासाठी तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेतलंत. लोक म्हणतात तुम्हीच लिहिलं होतं ते. मला नाही पटत. तुम्ही तसलं लिहिणारच नाही.”

“हर्षदा, अगं...” पप्पा म्हणाले आणि थांबले. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“नको,” ताईनं हात वर केला. “कुणी लिहिलं ते सांगू नका. याच गावात राहायचंय मला. कळलं तर रोज त्या माणसाचं तोंड बघावं लागेल, आणि मला अजून पोरं शिकवायचीत.”

आई आत निघून गेली. पप्पा माझ्याकडे बघतच होते. खोलीत शेवटचा बाक कुठला नव्हताच, ती माझ्यापासून दोन हातांवर होती.

मग ताईनं डोळे पुसले, माझ्याकडे वळली आणि मुद्दाम मोठ्या आवाजात म्हणाली, “आणि काय गं ए वक्त्या, फायनलचं सांगितलंच नाहीस मला! कितवी आलीस?”

“दुसरी,” मी म्हणाले.

“दुसरी? अगं मग असं तोंड काय पाडलंयस?” तिनं मला जवळ ओढलं आणि पाठीवर जोरात थाप मारली. “शाबास.”

मी थँक्यू म्हणाले.